सीडी४ वाढला, मग डी-डायमर कशाला? एचआयव्ही आणि रक्ताच्या गुठळ्यांचं नातं

डी-डायमर हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी पहिल्यांदा ऐकला तो कोविडच्या लाटेत. २०२० आणि २०२१ मध्ये घरातल्या कुणाचा तरी रिपोर्ट पीडीएफ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर यायचा, त्यात एक ओळ ठळक अक्षरात असायची आणि सगळे गुगल करायला बसायचे. लाट ओसरली, शब्द मात्र डोक्यात राहिला. एचआयव्हीवर संशोधन करणारे लोक याच टेस्टकडे कोविडच्या कितीतरी आधीपासून बारकाईने बघत होते, हे फार कमी जणांना माहीत असतं.

मला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत नेहमी येतो. विचारणारे साधारण पंचविशीच्या आसपासचे असतात. "गोळ्या नियमित चालू आहेत, सीडी४ ७०० च्या वर आहे, वजन वाढलंय, तब्येत मस्त आहे. आता काही महिने गोळ्या बंद ठेवल्या तर काय बिघडणार?" उत्तर एका शब्दाचं आहे: बिघडणार. डॉक्टरही हेच सांगतात. पण का बिघडणार, हे समजून घ्यायचं असेल तर नुसत्या सीडी४ च्या आकड्यावर भागत नाही. तिथे डी-डायमर मदतीला येतो.

सीडी४ मोजतात म्हणजे नक्की काय करतात?

सीडी४ हे पांढऱ्या पेशींच्या एका प्रकारावर असलेल्या प्रथिनाचं नाव. या पेशी स्वतः फारशी मारामारी करत नाहीत, बाकीच्यांना हुकूम सोडतात: तू अँटिबॉडी बनव, तू त्या पेशीला मार. एचआयव्हीचा विषाणू नेमका याच प्रथिनाला चिकटून आत शिरतो. म्हणून उपचार नसले तर यांची संख्या वर्षानुवर्षं घटत जाते.

टेस्टसाठी रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. त्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं, ते रक्त गोठू देत नाही. मग सीडी४ ला ओळखणाऱ्या अँटिबॉडीला चमकणारा रंग जोडून ती रक्तात मिसळतात, आणि पेशींना फ्लो सायटोमीटर नावाच्या मशीनमधून एकामागोमाग एक सोडतात. टोल नाक्याची लेन डोळ्यांसमोर आणा. गाड्या एका रांगेत येतात, वरचा स्कॅनर फास्टॅग वाचतो, गाडी मोजली जाते. इथे स्कॅनरच्या जागी लेझर आहे आणि फास्टॅगच्या जागी तो चमकणारा रंग. निरोगी माणसात एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी सापडतात. २०० च्या खाली आकडा गेला की डॉक्टर आजार पुढच्या टप्प्यावर गेला असं धरतात, आणि टीबी, न्यूमोनिया, मेंदूभोवतीचा बुरशीचा संसर्ग अशा गोष्टींसाठी सावध होतात.

हा आकडा हलता असतो, बरं का. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. साधा ताप-सर्दी झाली तरी खाली येतो. त्यामुळे मागच्या वेळी ७०० आणि आता ६१० आला म्हणून रात्र जागून काढण्यात अर्थ नाही. दोन-तीन रिपोर्टची दिशा बघायची असते.

सीडी४ ची खरी मर्यादा मात्र वेगळी आहे. शरीरातल्या एकूण लिम्फोसाइट पेशींपैकी जेमतेम २ टक्के रक्तात फिरत असतात. बाकीच्या लसिका ग्रंथींत, प्लीहेत, आतड्यांच्या अस्तरात बसलेल्या असतात. आपण मोजतो ते फक्त रस्त्यावरच्या गाड्या. घरोघरच्या पार्किंगमध्ये काय चाललंय ते या आकड्यातून कळत नाही.

आता डी-डायमर

कुठे कापलं की रक्त गोठतं ते फायब्रिन नावाच्या धाग्यांच्या जाळ्यामुळे. रक्तात फायब्रिनोजेन हे कच्चा माल म्हणून फिरत असतं. थ्रोम्बिन नावाचं एन्झाइम त्याचे धागे बनवतं, आणि आणखी एक घटक शेजारशेजारच्या धाग्यांची टोकं एकमेकांना पक्की बांधतो. या टोकांना डी म्हणतात. काम झालं की प्लाझमिन नावाची कात्री येऊन जाळं कापते. पण दोन डी टोकं जिथे बांधलेली असतात ती गाठ कापली जात नाही, ती जोडीनेच रक्तात सुटते. ती जोडी म्हणजे डी-डायमर.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत फटाक्यांचा लाल कागद पडलेला असतो ना, तसं आहे हे. रात्री कोणी फटाके उडवले, का उडवले, हे कागद बघून सांगता येत नाही. पण किती उडाले याचा अंदाज येतो. डी-डायमर जास्त आला म्हणजे शरीरात कुठेतरी गुठळ्या बनतायत आणि विरघळतायत, एवढंच. गरोदरपणात तो वाढतो, ऑपरेशननंतर वाढतो, टीबी किंवा इतर संसर्गात वाढतो, कॅन्सरमध्ये वाढतो, आणि वय वाढलं की काहीच नसताना थोडा वाढतो. म्हणून पन्नाशीनंतर अनेक डॉक्टर मर्यादाच वयानुसार धरतात: वय गुणिले १०. म्हणजे ७० वर्षांच्या आजोबांना ५०० ऐवजी ७०० पर्यंत चालतं.

फोनवर रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी एक खास सूचना. डी-डायमर दोन प्रकारच्या युनिटमध्ये येतो, एफईयू आणि डीडीयू. एफईयूचा आकडा डीडीयूच्या साधारण दुप्पट असतो. त्यावर कुठली लॅब नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर लिहिते, तर कुठली मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यामुळे ५०० नॅनोग्रॅम एफईयू, ०.५ मिलिग्रॅम एफईयू आणि सुमारे २५० नॅनोग्रॅम डीडीयू ही एकच गोष्ट आहे. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून "दुप्पट झाला!" म्हणून घाबरणारे लोक मी पाहिलेत. आधी युनिट बघा. आणि हो, या टेस्टची नळी निळ्या टोपणाची असते आणि ती खुणेपर्यंत नीट भरावी लागते, नाहीतर आतल्या सायट्रेटचं प्रमाण बिघडतं आणि निकालही.

स्मार्ट ट्रायल: जिथे दोन आकडे आमनेसामने आले

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गोळ्या थांबवून बघायची कल्पना काही आजच्या पोरांनीच काढलेली नाही. २००० च्या सुमारास मोठमोठ्या डॉक्टरांनाही ती पटण्यासारखी वाटत होती. तेव्हाची औषधं आजच्यासारखी दिवसाला एक गोळी अशी नव्हती. चेहऱ्यावरची चरबी झडायची, पायांत मुंग्या यायच्या, कोलेस्टेरॉल वाढायचं. म्हणून विचार असा झाला, की सीडी४ चांगला असेपर्यंत माणसाला औषधांपासून सुट्टी देऊ. दुष्परिणाम कमी होतील, हृदय-किडनी-लिव्हर वाचेल, औषधं पुढच्या काळासाठी शिल्लक राहतील.

हे तपासायला जानेवारी २००२ मध्ये स्मार्ट नावाची ट्रायल सुरू झाली. ३३ देश, ५४७२ माणसं, सगळ्यांचा सीडी४ ३५० च्या वर. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाने गोळ्या न थांबवता घ्यायच्या. दुसऱ्या गटाने गोळ्या बंद ठेवायच्या, सीडी४ २५० च्या खाली गेला की सुरू करायच्या, ३५० च्या वर आला की पुन्हा बंद. सगळी मदार सीडी४ वर. तुमच्या "आकडा चांगला आहे, थांबवू का?" या प्रश्नाचीच ही जगभर केलेली परीक्षा होती, असं समजा.

जानेवारी २००६ मध्ये ट्रायलमध्ये नवीन माणसं घेणं थांबवावं लागलं, आणि सुट्टीवरच्या गटाला पुन्हा गोळ्या सुरू करायला सांगितलं गेलं. सरासरी १६ महिन्यांतच चित्र स्पष्ट झालं होतं. सुट्टीच्या गटात १२० जणांना एचआयव्हीमुळे होणारा गंभीर आजार झाला किंवा मृत्यू आला, सलग औषध घेणाऱ्यांत ४७ जणांना. सगळ्यांना चकित केलं ते पुढच्या गोष्टीने. हृदयविकार, किडनी आणि लिव्हरचे मोठे आजार, जे औषध थांबवल्याने कमी होतील असं वाटलं होतं, तेही सुट्टीच्या गटातच जास्त निघाले, साधारण १.७ पट. आणि जे मृत्यू झाले त्यांतले बहुतांश एड्सशी जोडल्या जाणाऱ्या संसर्गांनी झालेलेच नव्हते.

म्हणजे प्रतिकारशक्ती कोसळून माणसं गेली नव्हती. मग कशाने?

सुदैवाने ट्रायलमधल्या लोकांच्या रक्ताचे नमुने फ्रीजरमध्ये जपून ठेवले होते. संशोधकांनी मृत्यू झालेल्या ८५ जणांचे सुरुवातीचे नमुने बाहेर काढले, त्यांच्याशी मिळतीजुळती पण जिवंत असलेली माणसं तुलनेला घेतली, आणि दाह व रक्त गोठण्याशी संबंधित सहा मार्कर मोजले. २००८ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा डी-डायमर सगळ्यात वरच्या चौथाईत होता, त्यांच्यात मृत्यूची शक्यता सगळ्यात खालच्या चौथाईच्या तुलनेत सुमारे १२ पट दिसली. इंटरल्युकिन-६ या दाहाच्या मार्करसाठी ती सुमारे ८ पट होती. आपल्या ओळखीच्या सीआरपीसाठी जेमतेम २ पट. १२ हा आकडा ऐकून लगेच घाम फोडू नका. माणसं थोडी असल्याने तो अंदाज ४ ते ३७ इतका सैल होता. पण दिशेबद्दल शंका उरली नाही.

मला या अभ्यासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती वेगळीच. गोळ्या थांबवल्यावर फक्त एका महिन्यात सुट्टीच्या गटाचा डी-डायमर १६ टक्क्यांनी वाढला होता आणि इंटरल्युकिन-६ ३० टक्क्यांनी. सलग औषध घेणाऱ्यांत हेच आकडे ५ टक्के आणि शून्य होते. आणि ज्यांच्या रक्तात विषाणू जास्त उसळला, त्यांच्यात वाढ जास्त.

आता १६ टक्के म्हणजे किती? समजा ०.३० चा ०.३५ झाला. लॅबची मर्यादा ०.५०. रिपोर्टमध्ये हा आकडा काळ्याच अक्षरात येणार, लाल होणारच नाही. गोळ्या बंद केलेल्या माणसाला बरंही वाटत असतं. सीडी४ घटायला वेळ लागतो, त्यामुळे तोही अजून ५००-६०० दाखवत असतो. रिपोर्ट हिरवा आणि आत मात्र राख धुमसायला लागलेली. या अवस्थेतच "बघ, काही झालं नाही" असं म्हणून माणूस सुट्टी आणखी लांबवतो.

विषाणू आणि गुठळी यांचा संबंध येतो कुठून?

याचं मोठं उत्तर आतड्यात आहे. एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा मोठा संहार होतो. हे अस्तर म्हणजे आत राहणाऱ्या अब्जावधी जिवाणूंना रक्तात येऊ न देणारी भिंत. पहारेकरी मेले की भिंतीला फटी पडतात आणि जिवाणूंच्या कवचाचे तुकडे रक्तात पाझरायला लागतात. जिवंत जिवाणू नव्हे, तुकडेच. पण मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींना तेवढं पुरतं. त्या कायम चेकाळलेल्या राहतात.

चेकाळलेला मोनोसाइट दोन गोष्टी करतो. तो इंटरल्युकिन-६ सोडतो, त्यामुळे लिव्हर जास्त फायब्रिनोजेन बनवतं, म्हणजे धाग्यांचा कच्चा माल वाढतो. आणि तो स्वतःच्या अंगावर टिश्यू फॅक्टर नावाचं प्रथिन मिरवायला लागतो. रक्त गोठण्याचं मुख्य बटण ते हेच. एरवी ते रक्तवाहिनीच्या बाहेरच्या थरात असतं, म्हणजे कापलं तरच रक्ताला भेटतं. इथे बटण रक्तातच फिरायला लागलं. थ्रोम्बिन बनतं, बारीक बारीक जाळी विणली जातात, कापली जातात, डी-डायमर सुटतो. दिवसरात्र.

शरीर असं का वागतं? कारण जंतूंना जाळ्यात अडकवणं ही गोठण्याची फार जुनी ड्यूटी आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅब नावाचा प्राणी सापडतो. त्याच्या निळ्या रक्ताला जिवाणूंच्या याच तुकड्यांचा स्पर्श झाला की ते तिथल्या तिथे गोठतं. असल्याच क्रॅबच्या रक्तापासून बनवलेली टेस्ट इंजेक्शनं शुद्ध आहेत का हे तपासायला औषध कंपन्या वापरत आल्या आहेत. जखमेपुरतं आणि संसर्गापुरतं हे हत्यार उत्तम. वर्षानुवर्षं चालू राहिलं तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराची वाट लागते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये पायाच्या शिरेत गुठळी होणं, हार्ट अटॅक येणं यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त दिसतं, त्यामागचं हे एक कारण आहे. ज्यांचा सीडी४ कमी, त्यांचा डी-डायमर सरासरीने जास्त. दोन आकडे एकमेकांना असे उलटे बांधलेले आहेत.

औषध सुरू केलं की विषाणू दबतो आणि डी-डायमर खाली येतो. मात्र तो एचआयव्ही नसलेल्या माणसाइतका खाली येतोच असं नाही, कारण आतड्याची भिंत पूर्ण सांधली जात नाही. ज्यांचे उपचार उशिरा सुरू झाले त्यांच्यात ही उरलेली धग जास्त.

याच धाग्याने पुढचा प्रश्न आला: मग सीडी४ पडायची वाट तरी का बघायची? भारतात सरकारी केंद्रांतून मोफत औषध १ एप्रिल २००४ ला सुरू झालं, तेव्हा सीडी४ २०० च्या खाली जाईपर्यंत थांबावं लागायचं. ती रेषा पुढे ३५०, मग ५०० झाली. स्टार्ट नावाच्या ट्रायलने ४६८५ लोकांवर दाखवून दिलं, की सीडी४ ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर आजार आणि मृत्यू ५७ टक्क्यांनी कमी होतात. तिचा निकाल २०१५ मध्ये आला, त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने "सगळ्यांना उपचार" म्हटलं, आणि २०१७ पासून भारतातही सीडी४ कितीही असो, निदान झालं की औषध सुरू.

मग डी-डायमर करून घ्यायचा का?

स्वतःहून नाही. हल्ली प्रत्येक "फुल बॉडी" पॅकेजमध्ये काहीबाही घुसडलेलं असतं, त्यात हा मार्करही दिसतो. माझं स्पष्ट मत आहे, की एचआयव्ही असलेल्या पण तब्येत ठणठणीत असलेल्या माणसाने दर तीन महिन्यांनी डी-डायमर करणं म्हणजे पैसे घालवून काळजी विकत घेणं. गटाच्या सरासरीत जे दिसतं ते एका माणसाच्या एका आकड्यात वाचता येत नाही. तुमच्यासाठी खरा आकडा व्हायरल लोड. तो दबलेला असेल तर डी-डायमरसाठी जे करता येतं त्यातलं सगळ्यात मोठं काम झालेलं आहे.

डॉक्टर ही टेस्ट सांगतात तेव्हा कारण वेगळं असतं. एकाच पायाला अचानक सूज आणि दुखणं, किंवा एकदम धाप लागणं, छातीत कळ. असं झालं तर लॅबची अपॉइंटमेंट बुक करत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

"आकडा जास्त आहे तर रक्त पातळ करायची गोळी घेतो" हाही शॉर्टकट नको. एचआयव्ही असलेल्या चाळीसेक जणांवर एडोक्साबान हे रक्त पातळ करणारं औषध वापरून पाहिलं गेलंय. डी-डायमर खाली आला, पण इंटरल्युकिन-६ जागचा हलला नाही, आणि रक्तस्रावाच्या किरकोळ तक्रारी वाढल्या. कागद झाडून काढला, फटाके चालूच. शिवाय रिटोनाविर असलेल्या एचआयव्हीच्या औषधांबरोबर काही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढतं. केमिस्टला विचारून भागत नाही, एआरटी केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवा.

चांगली बातमी दुसऱ्या बाजूने आली. रिप्रीव्ह या ट्रायलमध्ये ४० ते ७५ वयाच्या ७७६९ लोकांना घेतलं, त्यात भारतातलेही लोक होते. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली, निम्म्यांना दिखाऊ गोळी. हृदयाचे मोठे त्रास स्टॅटिनच्या गटात ३५ टक्क्यांनी कमी झाले. निकाल २०२३ चा आहे. तुमचं वय चाळिशीच्या पुढे असेल, किंवा घरात तशी व्यक्ती असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा. विशी-तिशीतल्यांसाठी सिगारेट सोडणं आणि बीपी तपासत राहणं, एवढं सध्या पुरे.

गोळ्यांबद्दल एक गोष्ट राहिली. टेनोफोविर आणि लॅमिव्युडिन ही औषधं हिपॅटायटिस बी लाही दाबून ठेवतात. ज्याला दोन्ही आहेत, त्याने गोळ्या अचानक थांबवल्या तर लिव्हरचा आजार उसळू शकतो. हाही धोका सीडी४ मध्ये दिसत नाही.

बऱ्याचदा गोळ्या मुद्दाम थांबवल्या जातच नाहीत, त्या सुटतात. नोकरीसाठी गाव सोडून पुणे-मुंबई गाठलं, केंद्र लांब राहिलं, रूममेटसमोर डबी काढायची लाज वाटली. एआरटी केंद्र बदलून मिळतं, त्यासाठी जुन्या केंद्रातून ट्रान्सफरची नोंद करून घ्यायची. निघायच्या आधी सांगितलंत तर मधल्या दिवसांच्या गोळ्या देण्याची सोय विचारता येते. रिपोर्टची पीडीएफ फॅमिली ग्रुपवर टाकू नका, फोनमध्ये लॉक फोल्डरला ठेवा. तुमच्या संमतीशिवाय तुमची एचआयव्ही स्थिती उघड करणं २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बेकायदा आहे, आणि तो कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मालक नोकरी देताना एचआयव्ही टेस्टची सक्ती करू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. नवीन शहरात केंद्र कुठे आहे ते माहीत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन कुठल्याही मोबाईलवरून लागते.